लकव्याचा ‘फोटो’ आणि बारावीनंतरची घाई

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की तिच्या पुढचा भाग मरू लागतो. वैद्यकात याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. पूर्व विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्यात तो लकवाच. रक्तवाहिनी फुटूनही लकवा येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडे, जीभ जड, एक हात लुळा. उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध द्यायचे. तेच औषध मेंदूत रक्तस्राव झालेल्याला दिले तर जीव जाऊ शकतो. नुसती नाडी-रक्तदाब पाहून हा फरक मुरलेल्या डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. तो सांगतो डोक्याचा सीटी स्कॅन, म्हणजे नातेवाईक ज्याला ‘फोटो’ म्हणतात तो. फोटो निघेपर्यंत लकव्यावर खरा उपचार सुरू होत नाही.

सीटीने पहिल्या रुग्णाचे डोके तपासले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याने बनवले. त्यामागचे गणित ॲलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे आधीच मांडले होते. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. एमआरआयसाठी तेच पारितोषिक २००३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर आणि भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले. चौघांत डॉक्टर एकही नव्हता. ‘डॉक्टर झाला नाही तर दवाखान्यात त्याला विचारतो कोण’ हे वाक्य दर जूनमध्ये जिल्ह्यातल्या घराघरांत ऐकू येते, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

सीटीवर ताजे रक्त पांढरे दिसते, त्यामुळे रक्तस्राव चटकन ओळखू येतो. गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत फसवा असतो. मेंदूचा करडा आणि पांढरा भाग यांतली सीमा किंचित पुसट होते, एखादी धमनी नेहमीपेक्षा उजळ दिसते, इतकेच. एमआरआयचे डिफ्यूजन चित्र इथे जास्त तीक्ष्ण ठरते. रक्त तुटल्यावर काही मिनिटांतच बाधित भाग त्यात चमकू लागतो. पहाटे उठल्यावर लकवा लक्षात आलेल्या रुग्णाला तो नेमका केव्हा आला हे कुणालाच ठाऊक नसते. डिफ्यूजनमध्ये डाग दिसतो पण फ्लेअर या दुसऱ्या चित्रात अजून उमटलेला नाही, असे आढळले तर घटना साधारण साडेचार तासांच्या आतली असावी असा अंदाज बांधता येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत अशा रुग्णांना गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा झालेला दिसला. घड्याळाने जे सांगितले नाही ते चित्राने सांगितले.

निदानानंतर येतो भाकिताचा भाग, आणि तो जास्त रोचक आहे. इटियाडोह धरणाच्या कालव्याचे पाणी मध्येच अडले तर भाताच्या सगळ्या बांध्या एकाच दिवशी वाळत नाहीत. शेवटच्या बांधीतला धान करपून जातो, तिच्या अलीकडचा माना टाकतो पण जिवंत असतो, आणि शेजारच्या बांधीतून पाझर मिळत असेल तर तो आणखी तग धरतो. मेंदूतही मेलेला गाभा आणि भोवतीचा तहानलेला पट्टा असे दोन भाग असतात. नसेत कॉन्ट्रास्ट औषध सोडून घेतलेला परफ्यूजन स्कॅन या दोघांचे मोजमाप देतो. अँजिओग्राफीत गुठळीची जागा कळते, आणि आजूबाजूच्या वाहिन्यांचा पाझर किती हेही दिसते. गाभा लहान आणि पट्टा मोठा असेल तर रुग्णाला वाचवण्यासारखे बरेच शिल्लक आहे.

या मोजमापाने उपचाराची मुदतच बदलली. १९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मर्यादा तीन तासांची होती, २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचार चाचण्यांत सिद्ध झाला आणि २०१८ मध्ये दोन चाचण्यांनी दाखवले की चित्र पाहून नीट निवडलेल्या रुग्णांना हा उपचार बऱ्याच उशिरानेही, एका चाचणीत तर २४ तासांपर्यंत, उपयोगी पडतो. याचा अर्थ सावकाश जावे असा मुळीच नाही. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला एक गाजलेला हिशेब आहे.

रुग्ण तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर चालेल का, याचा अंदाज बांधण्यासाठी ॲस्पेक्ट्स नावाची दहा गुणांची पट्टी वापरतात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ती तयार झाली, २००० मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या मोठ्या धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग करायचे, बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण वजा करायचा. सात किंवा त्याहून कमी गुण म्हणजे पुढे परावलंबित्वाची शक्यता जास्त. मात्र या गुणांना निकालपत्र समजू नये. २०२२ आणि २०२३ मधल्या चाचण्यांत तीन ते पाच गुणांच्या रुग्णांनाही गुठळी काढल्याचा लाभ झाला. वय, साखर, लकव्याची तीव्रता आणि गेलेला वेळ यांचाही त्या भाकितात वाटा असतो.

विदर्भाच्या पूर्व भागात लकव्याचा आणखी एक चेहरा आहे. रक्तदाब, साखर आणि तंबाखूचा खर्रा ही मोठ्यांची कारणे सगळ्यांना माहीत आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे लहान मुलालाही लकवा येऊ शकतो हे फार कमी पालकांना माहीत असते. त्याचा अंदाज चित्रावरून आधीच बांधता येतो. कानशिलावरून डॉप्लर सोनोग्राफी करून मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या लकव्याचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, असे अमेरिकेतील १९९८ च्या चाचणीने दाखवले. भारतात आढळणारा सिकलसेलचा प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा बऱ्याचदा सौम्य असतो, तरीही ही तपासणी विसरण्यासारखी नाही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सीटी जिल्ह्याच्या ठिकाणी निघू शकतो, पण गुठळी ओढून काढणारे केंद्र गाठायचे म्हणजे बहुधा नागपूर, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून निघालेल्या रुग्णाचा बराच वेळ गोंदियापर्यंतच संपलेला असतो. पुढे हलवायचे की इथेच औषध द्यायचे, हा निर्णय फोटोवर होतो. तो फोटो वाचणारा रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या शहरात बसून संगणकावर वाचू शकतो. फोटो काढणारा तंत्रज्ञ मात्र तिथेच, काचेमागे हजर असावा लागतो.

या माणसाला सगळे ‘एक्स-रेवाला’ म्हणतात आणि त्याचे काम बटण दाबण्याचे समजतात. लकव्याचा रुग्ण सांगितलेले ऐकत नाही, मान एका बाजूला टाकतो, लुळा नसलेला हात सतत हलवतो. डोके जरा तिरके राहिले तरी दोन्ही बाजूंची तुलना बिघडते आणि नसलेला डाग दिसतो किंवा असलेला हरवतो. अँजिओग्राफीसाठी कोपराच्या खाचेतल्या जाड नसेत सुई हवी. औषध सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने जाते, मनगटावरची बारीक नस तिथे फुटते. औषध महाधमनीत पोचल्याच्या क्षणी स्कॅन सुरू झाला पाहिजे. उशीर झाला की शिरा भरतात आणि धमनी नेमकी कुठे बंद आहे ते ओळखणे अवघड होते. एमआरआयच्या दारात तर वेगळीच दक्षता. पेसमेकर आहे का, डोक्यात जुनी क्लिप आहे का, मंगळसूत्र, जोडवी, पदराची सेफ्टी पिन काढली का, हे बेशुद्ध रुग्णाच्या घाबरलेल्या नातेवाइकांना विचारून घ्यायचे. चुंबक कधीच बंद नसतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेले गेले आणि एका नातेवाइकाचा जीव गेला.

एवढी जबाबदारी असलेल्या या व्यवसायाचे नाव गोंदियातल्या बारावीच्या वर्गात क्वचितच निघते. तिथे एकच शब्द चालतो: नीट. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. देशात एमबीबीएसच्या जागा १ लाख १० हजारांच्या आसपास होत्या आणि परवडणाऱ्या शासकीय जागा त्याच्या निम्म्याच्या घरात. ज्याची तयारी आणि ओढ खरोखर आहे त्याने एकदा, फार तर दुसऱ्यांदा बसावे. एमबीबीएसची साडेपाच आणि रेडिओलॉजीतील एमडीची तीन वर्षे करून चित्र वाचणारा डॉक्टर होण्याचा रस्ता उत्तमच आहे, पण पदव्युत्तर प्रवेशात ही शाखा वरच्या क्रमांकांतच संपते. ते गणित पहिल्या प्रवेशाच्या आधीच समजून घ्यावे.

तिसऱ्या रिपीटची कहाणी वेगळी असते. तो निर्णय बहुतेक वेळा मुलाचा नसतोच. लातूर, नांदेड किंवा कोटा इथली खोली, क्लासची फी, त्यासाठी गहाण पडलेली बांधी आणि ‘आमच्यासाठी एवढे कर’ हे रोजचे फोनवरचे वाक्य, या ओझ्याखाली मूल पुस्तक उघडते आणि वाचत नाही. गुण वाढत नाहीत तेव्हा घरातली बोलणी वाढतात. नातेवाइकांत सांगायला डॉक्टर हवा म्हणून मुलाच्या विशीतली तीन वर्षे खर्ची घालणे हा स्वार्थ आहे; त्याला त्यागाचे नाव देऊ नये. झोप उडालेले, जेवण टाकलेले, खोलीतून बाहेर न येणारे मूल आळशी नसते. त्याला क्लास बदलून देऊन उपयोग होत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे लागते. नीटमध्ये जमले नाही म्हणून परदेशी एमबीबीएसकडे धावणाऱ्यांनी परतल्यावरच्या परीक्षेचे निकाल पाहावेत. अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. एजंट हा आकडा कधीच पुढे करत नाही.

रेडिओलॉजीकडे वळणाऱ्यांना भीती वाटते ती यंत्राची. कृत्रिम बुद्धिमत्ता स्कॅन वाचू लागली, मग या शाखेत भविष्य काय? २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे असे जाहीरपणे म्हटले होते. त्यांना पुढे, २०२४ मध्ये, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. रेडिओलॉजिस्टची गरज मात्र संपली नाही. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने डोक्याच्या सीटीतील रक्तस्राव ओळखणारी संगणकीय पद्धत २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडली. अशी साधने गावाकडे फारच उपयोगी आहेत, कारण ती डॉक्टर जागा होण्याआधी इशारा देतात. पण हललेल्या डोक्याचा फोटो संगणकालाही चुकवतो.

तंत्रज्ञ होण्यासाठीच्या प्रवेशाचा भाग सोपा आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पदवीत रेडिओग्राफीची शाखा आहे: बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला असून अभ्यासक्रमांची नावे आणि प्रवेशाचे नियम बदलत आहेत. त्यामुळे त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी, शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव नव्हे. खासगी सेंटरमधला सुरुवातीचा पगार कमीच असतो, रात्रपाळी चुकत नाही. सीटी आणि एमआरआय दोन्हींवर हात बसलेल्याला मोठ्या रुग्णालयांत किंमत येते.

मुलीच्या बाबतीत ‘रेडिएशनचे काम नको’ हा आक्षेप हमखास येतो. सीटी चालवणारी व्यक्ती शिसे असलेल्या काचेमागे बसते, छातीवर मोजणी करणारा टीएलडी बिल्ला लावते, आणि कामगारासाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. गरोदरपणात कामाची जागा बदलून मागता येते. एमआरआयमध्ये असे किरण नसतातच. आक्षेप घेणाऱ्या घरातल्यांनी बिल्ल्याच्या नोंदी नियमित दिल्या जातात का, एवढे त्या संस्थेला जरूर विचारावे.

खरा धोका तालुक्याच्या बसस्टँडसमोरच्या ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’मध्ये आहे. सहा महिन्यांत किंवा वर्षात ‘सीटी-एमआरआय टेक्निशियन’ करून देण्याची पाटी तिथे असते. २०२१ च्या कायद्यानुसार सहाय्यक आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान दोन वर्षांची आणि २००० तासांची हवी. पैसे भरण्याआधी विद्यापीठाचे संलग्नतापत्र पाहावे, आणि ज्या रुग्णालयात प्रशिक्षण होणार तिथे स्वतः जाऊन यंत्र आहे का, ते चालू आहे का, विद्यार्थ्यांना कन्सोलवर बसू देतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे.

जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी दार वेगळे आहे. बीएस्सी आणि एमएस्सी भौतिकशास्त्रानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होता येते. त्यांचे बरेचसे काम कर्करोगाच्या किरणोपचारात असते, यंत्रांची गुणवत्ता आणि किरणांचे मोजमाप हाही त्याचाच भाग. जागा मोजक्या आहेत, निवड स्पर्धेतून होते आणि एमएस्सीतले गुण पाहिले जातात.