मोटारसायकलला जादा दिवे जोडताना : फ्यूज नक्की कोणाला वाचवतो?



आठवीच्या विज्ञानात 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा आहे. परीक्षेपुरता तो सगळेच वाचतात. पण हाच धडा आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलमध्ये रोज चालू असतो. आज तो गाडीवरच शिकूया.

आपल्या सातारा-सांगलीकडे गाडीला जादा दिवे लावायची हौस आहे, आणि ती नुसती हौस नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराड भागात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नसतो. पावसाळ्यात पसरणी घाटात धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही. त्यामुळे दिवे लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ते जोडले कसे, एवढं मात्र विचारीन.

आधी हिशोब करू. शक्ती भागिले व्होल्टता म्हणजे विद्युतधारा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावले तर ११० भागिले १२, म्हणजे साधारण ९ अँपिअर. गाडीचा मूळ हेडलाइट ३५ वॅटचा असेल तर तो घेतो जेमतेम ३ अँपिअर, आणि कंपनीने त्याची वायर तेवढ्याच बेताने निवडलेली असते. आता काही जण काय करतात? हेडलाइटची वायर थोडी सोलतात, नव्या दिव्याची वायर तिच्यावर पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. दिवा लखख लागतो, काम झालं! पण ३ अँपिअरच्या वायरीतून आता १२ अँपिअर जातात. धारा चौपट झाली, तर उष्णता किती पट? चौपट म्हणाल तर चुकलात. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती सोळापट.

त्यात तो पिळलेला जोड. समजा, त्याचा रोध फक्त ०.२ ओहम आहे. ९ अँपिअरला तिथे १६ वॅट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. पाटण, महाबळेश्वरच्या पावसात तांब्यावर हिरवट थर चढतो, रोध आणखी वाढतो. म्हणून जोड नुसता पिळू नका. डाख द्या किंवा योग्य मापाची थिंबल दाबून बसवा, आणि शक्यतो जोडच कमी ठेवा.

यावर उपाय आपल्याच धड्यात आहे : विद्युतचुंबक. रिलेमध्ये तारेचं एक छोटं वेटोळं असतं. त्यातून अगदी थोडी धारा गेली की ते चुंबक होतं आणि मोठ्या धारेचा संपर्क ओढून जोडतं. रिलेवर आकडे असतात. ३० ला बॅटरीची धन वायर, ८७ ला दिवे, ८५ आणि ८६ वेटोळ्याचे. वेटोळ्याचं एक टोक ऋणाला जोडायचं. दुसऱ्याला स्विचमधून चावीनंतरचा पुरवठा द्यायचा, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद. हँडलवरच्या नाजूक स्विचमधून मग ९ अँपिअर जातच नाहीत.

आता फ्यूज. कोणालाही विचारा, "फ्यूज कशासाठी?" उत्तर येतं, "दिवा जळू नये म्हणून." तसं नाही. फ्यूज वायरीसाठी असतो. गाडीची चेसिस म्हणजे बॅटरीचं ऋण टोकच. हँडल वळताना वायर मानेजवळ घासते, कव्हर झिजतं, तांबं लोखंडाला टेकतं आणि लघुपरिपथन होतं. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण या वेळी कितीतरी अँपिअर धारा वाहते आणि वायर लाल होते. वर पेट्रोलची टाकी आहे, हे विसरू नका. फ्यूज दिव्याजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत हवा. वरच्या ९ अँपिअरला १५ चा फ्यूज, आणि वायर दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी चॉकलेटची चांदी लावणाऱ्याने आगीची सोय केली असं समजा.

खरं तर शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ११० वॅट झेपतच नाहीत. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो, तो भार आधीच आहे. त्यापेक्षा २० वॅटचे दोन एलईडी घ्या. धारा सव्वातीन अँपिअर, फ्यूज ५ चा. त्यांचा झोत खाली रस्त्यावर ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. आणि ते गाणारे, अनेक स्वरांचे हॉर्न नियमानेच बंद आहेत, तो हट्ट घरी करू नका.

काम सुरू करताना आधी बॅटरीचं ऋण टोक काढायचं. धन आधी सोडवायला गेलात आणि पाना चेसिसला लागला, तर ठिणगी पडलीच. ऋण आधी सुटलं असेल तर पाना लागूनही परिपथ पूर्ण होत नाही. जोडताना उलट, ऋण शेवटी. आठवीच्या मुलांनी हे काम मोठ्यांसोबतच करायचं.

स्वाध्याय : १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी आहे. इंजिन बंद असताना २० वॅटचे दोन दिवे चालू राहिले, तर बॅटरी किती वेळात उतरेल? गणिताने दीड तास येतो. पण सेल्फ स्टार्ट त्याच्या बराच आधी बंद पडतो. का, ते वहीत लिहा.