राब, वणवा आणि झाडाखालची बुरशी : मुळशीकरांसाठी उन्हाळी सल्ला

माघ सरत आला की पौडच्या आसपासच्या डोंगरांवर दोन कामं सुरू होतात. ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून राबासाठी कवळ रचायची आणि ‘यंदा गवत चांगलं यावं’ म्हणून माळाला काडी लावायची. भाताची रोपं तगडी यावीत, गुरांना चारा मिळावा, हा हेतू रास्तच. पण त्यात नुसता पालापाचोळा जळत नाही. ज्या बुरशीच्या जिवावर रानातली झाडं उभी असतात तिलाही आच लागते. जूनमध्ये खड्डे खोदून नवी रोपं लावण्याआधी आहे त्या झाडांखालची जमीन मार्च-एप्रिलमध्ये राखली, तर कमी खर्चात जास्त रान उभं राहतं.

पाल्याखाली काय चालतं?

दाट सावलीतल्या जुन्या झाडाखाली पाल्याचा वरचा कोरडा थर हाताने बाजूला करून पाहा. खालची पानं ओलसर, एकमेकांना चिकटलेली असतात आणि त्यांतून पांढरे दोरे गेलेले दिसतात. ही पाला कुजवणारी बुरशी. पानांतलं अन्न ती मातीत परत आणते.

दुसरी बुरशी, म्हणजे मायकोरायझा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती मुळांच्या आत-बाहेर राहते. आपल्या तांबड्या जमिनीत स्फुरद असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियमने ते धरून ठेवलेलं असतं. मुळं पोचत नाहीत तिथवर या बुरशीचे तंतू जातात, स्फुरद आणि पाणी झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. आंबा, जांभूळ, हिरडा ही सगळी झाडं हा व्यवहार करतात.

तिसरी बुरशी लाकूड कुजवणारी. पावसाळी रात्री भीमाशंकरच्या रानात पडलेली लाकडं हिरवट चमकतात, ती हिच्यापैकीच काहींची करामत. उभ्या जुन्या झाडाचा गाभा तिने मऊ केला की सुतार पक्षी ढोली कोरतो आणि पुढे तिथे दुसरे पक्षी संसार थाटतात. म्हणून रानातलं प्रत्येक वाळकं खोड सरपणाला ओढून आणू नये.

देवराईत हे सगळं एकाच जागी दिसतं. देवाच्या धाकाने तिथली काडीही कोणी उचलत नसे, त्यामुळे पाला, पडकी खोडं आणि जुनी झाडं जागच्या जागी राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा जुन्या रानाचे हे तुकडे जगापुढे आले. देवळाच्या जीर्णोद्धारात देवराईची ‘साफसफाई’ करून फरशी घालण्याचा मोह गावांनी आवरावा.

वणवा : गवताचं गणित उलटं पडतं

जाळल्यावर कोवळे फुटवे लवकर दिसतात, म्हणून जाळणं फायद्याचं वाटतं. पण दरवर्षी जाळलेल्या माळावर कुसळी गवत माजतं आणि गुरं आवडीने खातात ती गवतं मागे पडतात. उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्याच वळवात माती वाहून जाते आणि बुरशीचे तंतू व बीजाणू असतात ते याच वरच्या थरात.

- गवत कार्तिक-मार्गशीर्षातच कापून घ्यावं. उभं वाळलेलं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण.
- मालकी रानाभोवती किमान १० फूट रुंद पट्टा गवत काढून साफ ठेवावा. निघालेला पाला जाळू नये. खड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात टाकावा.
- राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. धूर दिसताच वनरक्षकाला कळवावं.

राबाला पर्याय

राब भाजल्याने तणाचं बी मरतं आणि राख मिळते, हे दोन्ही फायदे खरे. ते झाड न ओरबाडताही मिळतात. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्याला चौरस मीटरमागे अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. त्यातल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं. तूस गिरणीवर मिळतं. तणासाठी एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीत दाबून ठेवावं.

चारसूत्री पद्धतीतच गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडतात. गिरिपुष्प बांधावर जरूर लावावं. मात्र डोंगरावर एकट्या गिरिपुष्पाची लागवड म्हणजे रान नव्हे. तिथे ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ, कुंभा, करवंद असं मिश्रण हवं.

राब करायचाच असेल तर एका झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्या घेऊ नयेत, शेंडा राखावा आणि पुढची दोन-तीन वर्षं ते झाड मोकळं सोडावं. फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून. म्हणजे साल सोलटत नाही. कोयत्याच्या चिरफाळलेल्या घावातूनच खोड पोखरणारी बुरशी आत शिरते. हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा ही झाडं खासगी जमिनीवर असली तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली येतात. ती तोडायची तर आधी परवानगी घ्यावी.

आजारी झाड कसं ओळखावं?

बुंध्याशी, जमिनीलगत तांबूस-तपकिरी, चकाकणारी, फळीसारखी बुरशी दिसली तर ती बहुधा गॅनोडर्मा. ती बाहेर दिसते तेव्हा आतली मुळं बरीच कुजलेली असतात. नुसती फळी तोडून उपयोग होत नाही. असं झाड घर, गोठा किंवा वाटेलगत असेल तर तज्ज्ञाला दाखवून धोका आधी दूर करावा.

प्लॉट आणि फार्महाऊसच्या कामांत जेसीबीने मुळं तुटतात, बुंध्याभोवती मुरूम चढतो आणि चांगलं झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. खोडाशी भर घालू नये. फांद्यांच्या घेराखाली खोदकाम टाळावं.

फळझाडांच्या मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावावी : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आळ्यात ट्रायकोडर्मा द्यायचं तर एक किलो १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना द्यावं. त्याच सुमारास मातीत तांब्याचं औषध ओतू नये, नाहीतर उपयोगी बुरशीच मरते.

मृगाआधी आणि नंतर

- रोप लावताना आपल्याच रानातल्या त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती खड्ड्यात टाकावी, म्हणजे मुळांची बुरशी सोबत येते. देवराईतून माती आणू नये.
- त्या खड्ड्यात सुपर फॉस्फेटचा मारा करू नये. आयतं स्फुरद मिळालं की झाड या बुरशीला जवळ करत नाही.
- वारुळं फोडू नयेत. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी वाळवीनेच आत जोपासलेल्या बुरशीतून उगवते. वारूळ गेलं की अळंबीही गेली.
- अनोळखी छत्री खाऊ नये. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, या परीक्षा बिनकामाच्या आहेत. खाल्ल्यावर उलट्या सुरू झाल्या तर उरलेली अळंबी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

यंदा सगळं रान राखणं जमणार नसेल, तर अर्धा एकर निवडावा. तिथे तीन वर्षं काडी लावू नये, पाला झाडू नये, गुरं सोडू नयेत. शेजारच्या जाळलेल्या माळाशी तुलना दर श्रावणात स्वतःच करावी : गवत कोणतं, आपोआप उगवलेली रोपं किती आणि पाऊस उघडल्यावर ओल किती दिवस टिकते.