शिकाऊ उमेदवारीची शेवटची परीक्षा

चि. निखिल,

आयटीआयनंतरचं तुझं शिकाऊ उमेदवारीचं वर्ष संपत आलं आहे आणि कंपनी कायम करणार नसेल तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायचं कशाला, असं तू विचारलं आहेस. प्रश्न रास्त आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीपासून या परीक्षेला बसणं उमेदवाराच्या मर्जीवर ठेवलं आहे, त्यामुळे तू गेला नाहीस तर तुला कोणी जाब विचारणार नाही. पण नेमकं त्याच कारणानं हा निर्णय सहज घेऊ नकोस. 1961 चा हा कायदा तुला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. तुझ्या हाती पडतं ते वेतन नसतं, विद्यावेतन असतं. शेजारच्या मशीनवरच्या कायम माणसापेक्षा तू बऱ्याच कमी पैशांत राबलास आणि त्याच्या बदल्यात तुला कसब मिळायचं होतं. ते खरंच मिळालं का, हे कारखान्याबाहेरचं कोणी तपासून बघतं ते फक्त या परीक्षेत. ती सोडलीस, तर तुझे कष्ट कंपनीच्या खात्यात जमा झाले आणि तुझा मोबदला तू मागितलाच नाहीस, असा त्याचा अर्थ होईल.

कंपनी अनुभवाचं पत्र देतेच, असं तू म्हणशील. ते जरूर घे. पण त्या पत्रात शिकवणारा आणि शिक्का मारणारा एकच असतो. ज्याच्या हाताखाली तू काम केलंस त्याचा शब्द त्याला ओळखणाऱ्यांत चालतो; चाकणच्या फोरमनचं नाव बुटीबोरीत कोणाला ठाऊक असणार? ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राचं बळ यात आहे की ते देणाऱ्याला तुला चांगलं म्हणण्यात काही फायदा नाही आणि वाईट म्हणण्यातही नाही. पदवीधर आणि पदविकाधारक उमेदवारांना अशी परीक्षा नसते. त्यांची प्रगती मालकच पाहतो आणि प्रमाणपत्र प्रादेशिक मंडळ देतं. त्यांच्या पाठीशी आधीच विद्यापीठाचा किंवा तंत्रशिक्षण मंडळाचा कागद असतो. आयटीआयचा कागद तुझ्याकडेही आहे, पण तू कारखान्यातल्या चालू कामावर तयार झालास हे तो सांगू शकत नाही.

नोकरीची हमी नाही, हा तुझा मुख्य आक्षेप. तो खरा आहे आणि मी तो खोडणार नाही. उमेदवारी पुरी करणाऱ्याला कामावर घ्यायचं बंधन कायदा मालकावर घालत नाही. मालकानं भरतीचं स्वतःचं धोरण ठरवावं, एवढंच तो सांगतो. पण हमी नाही म्हणून किंमतच नाही, असं नसतं. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या माणसापेक्षा प्राधान्य द्यावं. रेल्वेच्या लेव्हल-1 भरतीत रेल्वेच्याच आस्थापनांत उमेदवारी करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी 20 टक्के जागा ठेवल्या जातात. तू रेल्वेत नाहीस, त्यामुळे त्या जागा तुझ्या नव्हेत. पण कागदाला कोण किती मानतं ते यावरून कळावं. आणि त्या जागांवर हक्क परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याचाच असतो, नुसतं वर्ष काढणाऱ्याचा नाही.

परीक्षेतल्या एका दिवसाच्या जॉबवरून वर्षाची पारख कशी होणार, ही शंका मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसत्या जॉबवरून ती होत नाहीच, आणि नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन असतं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं प्रात्यक्षिकाचे गुण देण्याआधी उमेदवाराची नोंदवही पाहावी असं अभ्यासक्रमात लिहिलं आहे. मूल्यमापनात जॉबचं मापच तेवढं बघत नाहीत. हत्याराची निवड आणि वापर, वाया गेलेला माल, सुरक्षिततेची जाणीव, नियमित हजेरी, हेही त्यात येतं. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला 60 टक्के लागतात, लेखीला त्याहून बरेच कमी. काही मुलं पर्याय पाठ करून लेखी काढतात, हे खरं. पण कानस धरलेल्या हाताला पर्याय नसतात. गुण्या लावल्यावर त्याच्या आणि जॉबच्या मधून उजेड दिसला की तो परीक्षकाला दिसतोच, आणि व्हर्निअरचं वाचन चुकलं तर तोंडी परीक्षेत सावरता येत नाही. तेव्हा तयारी करायची ती हाताची. पाळी संपल्यावर भंगारातला एखादा तुकडा वरिष्ठांना विचारून घे आणि चौकोनात चौकोन बसवायचा सराव कर. ड्रॉइंग वाचून, मार्किंगपासून, घड्याळ लावून.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. काही ठिकाणी उमेदवाराला वर्षभर एकाच मशीनवर उभं करतात, नाहीतर माल उचलायला लावतात. मग परीक्षेत तो नापास झाला तर दोष त्याच्या एकट्याचा धरणं अन्यायाचं आहे. प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणं कायद्यानं मालकाचं कर्तव्य आहे. ती नोंद आजच मागून बघ आणि अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. जे काम कागदावर झालंय पण हातून झालं नाही, ते उरलेल्या आठवड्यांत मागून घे. तुझ्या शॉपच्या प्रमुखाकडे नम्रपणे माग, पण माग. तिथे दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयात लेखी दे. करारावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का तेही याच आठवड्यात तपास. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. परीक्षेचा अर्ज कंपनीतून कोण भरतं, त्याची मुदत केव्हा आहे, हे विचारून मला कळव.

तुझा,
मामा