वेग आणि विलंब

बिनतारी जाळ्याचा 'वेग' म्हणजे एका सेकंदात वाहून येणाऱ्या माहितीचे प्रमाण. 'विलंब' म्हणजे संदेश निघून पोहोचेपर्यंत लागणारा काळ. पाट रुंद केल्याने पाणी अधिक येते. पण पहिली धार शेतात लवकर पोहोचेलच असे नाही. पाचव्या पिढीच्या जाळ्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सेकंदास 20 गिगाबिट कमाल वेग आणि अतितातडीच्या कामांसाठी 1 मिलिसेकंद विलंब ही मानके ठरविली आहेत. मात्र हा विलंब केवळ मोबाइल व मनोरा यांमधील होय. दूरच्या संगणकापर्यंतचा प्रवास पुढे उरतोच. म्हणून दूरस्थ पाठात मुलाचे उत्तर उशिरा आले, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष मानू नये. क्षणभर थांबावे, मगच पुढील मुलास विचारावे.