सदोष गाडी आणि कंपनीची जबाबदारी

ताग्यात खोट निघाली तर आम्ही कापड व्यापारी तो गिरणीला परत पाठवतो. गाडीलाही हाच न्याय आहे. जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात बनलेल्या 87,599 एस-प्रेसो व ईको गाड्या परत बोलावल्या. स्टिअरिंगच्या टाय-रॉडचा भाग तुटण्याची शक्यता होती. तपासणी व बदल विनामूल्य. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार सरकारही कंपनीला असा आदेश देऊ शकते.

मिठबावसारख्या गावी, वळणांच्या रस्त्यावर मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीमालकांनी चेसिस नंबर कंपनीकडे ताडून घ्यावा. गाडी जुनी घेतलेली असेल तर कंपनीचे पत्र पहिल्या मालकाकडे जाऊ शकते. म्हणून चौकशी आपणच करावी. पालकांनीही गाडीवाल्याला एवढे विचारावे.