मालमोटारीचा पंखा : पट्ट्यावरचा कीं विजेचा?

मालमोटारीचें बॉनेट उघडलें म्हणजे पुढें रेडिएटर व त्याच्या मागें पंखा, हीं दोन प्रथम दृष्टीस पडतात. पुष्कळ गाड्यांत हा पंखा इंजिनाच्याच बळावर पट्ट्यानें फिरतो. तो काढून त्याच्या जागीं विजेचा पंखा बसवावा, म्हणजे इंधन वांचेल आणि इंजिनही थंड राहील, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरचा चरितार्थ गाडीवरच चालत असेल. हा बदल त्यांस हिताचा ठरेल कीं नुकसानीचा, याचा निर्णय ऐकीव मतावरून न करतां वर्गांत शिकलेल्या पदार्थविज्ञानावरून कसा करावा, हें आम्ही येथें दाखविणार आहों.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहूं. जळलेल्या इंधनाच्या शक्तीपैकीं स्थूलमानानें एक तृतीयांश, फार तर दोन पंचमांशांच्या आसपास, इतकाच भाग गाडी ओढण्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता कांहीं धुराबरोबर निघून जाते व कांहीं इंजिनाभोवतीं खेळणाऱ्या पाण्यास मिळते. पंप हें पाणी रेडिएटरांत नेतो, तेथें वारा त्याची उष्णता हरण करतो आणि निवालेलें पाणी पुन्हा इंजिनाकडे वळतें. वारा अपुरा पडला तर पाणी उकळतें, हेड वांकतें, गॅस्केट जळतें. आणि कांहीं मिनिटांच्या हयगयीनें कित्येक महिन्यांची कमाई दुरुस्तींत जाते.

पट्ट्यावरच्या पंख्याचा गुण व दोष एकच आहे. तो इंजिनाच्या वेगाचा दास आहे. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्यें घाट चढत असतां बाहेरचा वारा थोडा मिळतो, पण इंजिन वेगानें फिरत असल्यामुळें पंखाही जोरानें फिरतो व उत्तम सेवा करतो. उलट, भर उन्हांत रस्त्याच्या गर्दींत गाडी उभी राहिली कीं इंजिन मंदावतें आणि त्याबरोबर पंखाही मंदावतो. मोकळ्या रस्त्यावर धांवत्या गाडीस समोरचा वाराच पुरेसा होतो, तरी पंखा शक्ति खात राहतो. पंख्यानें ढकललेली हवा वेगाच्या प्रमाणांत वाढते, परंतु त्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. मिनिटास १,५०० फेऱ्यांस एखाद्या पंख्यास १ अश्वशक्ति लागत असेल, तर ३,००० फेऱ्यांस ८ लागतील! हा अपव्यय टाळण्यासाठीं कित्येक गाड्यांत पंख्यास सिलिकोन तेलाचा क्लच जोडलेला असतो. रेडिएटरांतून येणारी हवा तापली म्हणजे तो पंख्यास घट्ट धरतो. एरवीं सैल सोडतो.

विजेचा पंखा उष्णतेचा हुकूम मानतो. पाणी ठराविक अंशांपर्यंत तापलें कीं तो सुरू होतो व निवालें कीं थांबतो. इंजिन मंद असो वा वेगांत, त्यास भेद नाहीं. परंतु त्याची वीज फुकट येत नाहीं. १२ व्होल्टवर ४० अँपियर घेणारा पंखा ४८० वॅट खर्च करतो. आल्टर्नेटर आपणांस मिळालेल्या शक्तीपैकीं शेंकडा ५५ इतक्याच भागाची वीज करतो असें धरल्यास इंजिनावर सुमारें ८७० वॅटचा, म्हणजे एका अश्वशक्तीहून अधिक, भार पडतो. लाभ होतो तो पंखा बराच वेळ बंद राहतो म्हणून. शिवाय आल्टर्नेटर पुरेसा मोठा पाहिजे, तार जाड पाहिजे, बॅटरीजवळ फ्यूज पाहिजे, आणि पंख्याचा प्रवाह साध्या बटणांतून न नेतां रिलेमधून नेला पाहिजे. पंख्याभोवतीं आवरण नसेल, तर तो रेडिएटरच्या थोड्याशा भागांतूनच हवा ओढतो.

अमेरिकेंतील अनुभव ह्या बाबतींत बोधप्रद आहे. शेव्हरोले कंपनीनें सिल्व्हरॅडो १५०० ह्या हलक्या मालगाडीस २००५ च्या नमुन्यापासून कारखान्यांतच विजेचे पंखे बसविले. तें पाहून आधींच्या गाड्यांचे मालकही आपल्या गाड्यांस तसे पंखे लावूं लागले. परंतु त्याच कंपनीच्या डिझेल इंजिनाच्या जड गाड्यांवर यांत्रिक पंखाच राहिला. कारण गणितानें कळतें. मोठ्या मालमोटारीच्या पंख्यास पूर्ण वेगांत ३० अश्वशक्ति लागते असें धरूं. १ अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. तेव्हां २२,३८० वॅट झाले. २४ व्होल्टवर हा प्रवाह सुमारें ९३० अँपियर होतो. असा शेंकडों अँपियरचा प्रवाह स्टार्टर घेतो, पण तो कांहीं क्षणांपुरताच. पंख्यास तर घाट संपेपर्यंत तो पुरवावा लागेल. म्हणून हलक्या गाडीस जें लाभदायक, तें जड गाडीस घातक ठरूं शकतें.

बदलापूर्वीं आणखी एक चौकशी अवश्य करावी. इंजिन तापत असेल तर पाण्याची पातळी, पट्ट्याचा ताण, थर्मोस्टॅट, पंख्याचा क्लच आणि रेडिएटरांत सांचलेला गाळ हीं अगोदर पाहावीं. गाळानें तुंबलेल्या रेडिएटरास कोणताही पंखा तारूं शकत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, दोन गोष्टी कधींही विसरूं नका. इंजिन बंद केल्यावरही विजेचा पंखा अकस्मात् फिरूं लागतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ बोट नेऊं नये. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, कारण आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें तें उसळून अंग भाजतें.

बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या तासास ऐकला आहे. ज्यांच्या घरीं गाडी आहे, अशा मुलांनीं वडिलांजवळ बसून आल्टर्नेटरवर लिहिलेले अँपियर वाचावे, दिवे व इतर उपकरणें किती घेतात त्याची बेरीज करावी, आणि पंख्यासाठीं काय उरतें तें कागदावर मांडावें. पैसे खर्च करावयाचे ते ह्या वजाबाकीनंतर.