आज्ञावलीचे मोल आणि करारपत्र

संगणकाची आज्ञावली, म्हणजे सर्वजण जिला प्रोग्रॅम म्हणतात ती, लिहिणाऱ्यास नोकरीखेरीज उपजीविकेचा मार्ग नाही, असा समज पालकांत आढळतो. तो खरा नाही. १९८५ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ईमॅक्स’ या आज्ञावलीची नक्कल करण्यास सर्वांना मोकळीक दिली होती; तरीही तिची चुंबकीय फीत ते १५० डॉलरला विकीत आणि लोक ती घेत. शिकविणे, देखभाल, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे फेरफार यांवरही चरितार्थ चालतो.

मात्र स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या तरुणाने कायदा जाणून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत झाला. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेली आज्ञावली, वेगळा करार नसल्यास, मालकाची ठरते. स्वतंत्र कंत्राटावर लिहिलेली सामान्यतः लिहिणाऱ्याचीच राहते. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच होते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. आपल्याकडे तोंडी बोलीवर काम घेण्याची सवय फार! एखाद्या दूध संस्थेसाठी हिशेबाची आज्ञावली लिहून दिली, तर तीच किरकोळ बदल करून शेजारच्या गावच्या संस्थेला विकता येईल की नाही, हे बहुधा त्या एका कागदावर अवलंबून असते.